गिऱ्हाईक, खाते आणि विश्वास

विषय ऐकून आमच्या काही स्नेह्यांना नवल वाटले. कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाने ऑनलाइन दुकानाच्या मांडणीवर काय बोलावे? आमची शाळा सातवीत सुटली, हे खरे. संगणकाची विद्या आम्ही कोणा गुरूपाशी शिकलो नाही, हेही खरे. परंतु अनोळखी माणसाकडून नाव, पत्ता आणि सही मिळवण्याचा उद्योग आम्ही तीस वर्षे केला आहे. आणि या दुकानांपुढचा एक मोठा प्रश्न नेमका तोच आहे.

पेठेतला वाणी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतो आणि त्याप्रमाणे डबा काढतो. ऑनलाइन दुकानदाराला चेहरा दिसत नाही. दिसतात त्या पावलांच्या खुणा. गिऱ्हाइकाने कोणता शब्द शोधला, कोणत्या वस्तूपाशी ते रेंगाळले, कार्टमध्ये काय टाकले आणि कोणत्या पानावरून निघून गेले. निरनिराळ्या पाहण्यांची सरासरी काढली तर भरलेल्या दहा कार्टांपैकी सुमारे सात तशाच सोडल्या जातात. त्यांतले पुष्कळ लोक नुसते पाहायला आलेले असतात. पण ज्यांना खरोखर घ्यायचे असते, तेही परत जातात. कारणे साधी असतात: शेवटच्या पानावर अचानक दिसलेला पोचवणीचा खर्च, लांबलचक फॉर्म, आणि ‘आधी खाते उघडा’ हा हुकूम.

या शेवटच्या कारणाचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जेरेड स्पूल या अमेरिकन तज्ज्ञाने ते २००९ साली लिहिले. दुकानाचे नाव मात्र सांगितले नाही. तेथे माल निवडून झाल्यावर पैसे देण्याआधी एक लहानसा फॉर्म येई: ईमेल, पासवर्ड, आणि ‘नोंदणी करा’ असे बटण. यात जुन्या गिऱ्हाइकाची सोय होईल असे मालकांना वाटे. प्रत्यक्षात नवे गिऱ्हाईक चिडे आणि जुने आपला पासवर्ड विसरलेले असे. मग त्या बटणावर ‘पुढे चला’ असे लिहिले आणि खरेदीसाठी खाते लागत नाही, हवे तर पुढे उघडता येईल, अशी सूचना दिली. स्पूल सांगतात की खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षी तीस कोटी डॉलरची जादा विक्री झाली. माल तोच, भाव तोच. बदलला तो केवळ क्रम.

हा क्रमाचा धडा आम्ही फार महाग किंमत देऊन शिकलो. एका कंत्राटी कामगाराचा हात यंत्रात सापडला होता. त्याची बायको आमच्या कचेरीत आली. आम्ही पहिला प्रश्न केला, “तुमचे मालक युनियनचे सभासद आहेत का?” बाई काही बोलल्या नाहीत, तशाच जिना उतरून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यानंतर आम्ही पावतीपुस्तक खणात ठेवले. आधी गाऱ्हाणे ऐकायचे, अर्ज लिहून द्यायचा, आणि मग वर्गणीची गोष्ट काढायची, असा नियम केला. पुढे लोक आपण होऊन पावती मागू लागले.

दुकानालाही हेच लागू आहे. माल घरी पोचवायचा तर नाव, पत्ता आणि फोन घ्यावाच लागतो. मग तेवढेच विचारावे. पिनकोडवरून गाव आपोआप भरावे. चूक झाली तर ती त्याच रकान्यापाशी दाखवावी, आणि आधी लिहिलेले पुसू नये. ऑर्डर पक्की झाल्यावर विचारावे: “पुढल्या वेळी पत्ता पुन्हा लिहावा लागू नये, म्हणून खाते उघडू का?” माल कुठवर आला, परत कसा करायचा, हे खात्यातून कळते, हा फायदा गिऱ्हाइकाला तेव्हा समजतो.

मात्र वागणूक ओळखण्याची ही विद्या दुधारी आहे. माणूस कुठे अडखळतो हे कळले की तिथला दगड काढता येतो, तसा खड्डाही खणता येतो. खोटी घाई दाखवणे, न विचारता कार्टमध्ये वस्तू घालणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, भलत्याच सेवेची नोंदणी केल्याशिवाय माल न देणे, असे तेरा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये निषिद्ध ठरवले आहेत. कायदा आहे, पण तो आपल्याला ठाऊक असला तरच उपयोगी.

खात्याला आमचा विरोध नाही. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली कामगारांनी सहकारी दुकान काढले. तिथेही प्रत्येक सभासदाच्या नावे नोंद होती; पण ती त्याच्या खरेदीच्या प्रमाणात नफ्याचा वाटा देण्यासाठी. त्या नोंदीने गिऱ्हाईक मालक झाले. म्हणून फॉर्म भरणाऱ्याने आणि तो मांडणाऱ्यानेही एकच प्रश्न विचारावा: हे खाते कोणाच्या सोयीचे? उत्तर ‘गिऱ्हाइकाच्या’ असे आले, तर आग्रह करण्याची गरज पडत नाही. दुसरे आले, तर आमच्या जिन्यावरून उतरून गेलेल्या त्या बाईंची आठवण ठेवावी.