पेशीला ‘हात लावून’ पाहणारा मायक्रोस्कोप

पोट दुखतं म्हणून कुणी आलं की आम्ही डॉक्टर आधी पोट हाताने दाबून पाहतो. मऊ आहे की टणक, हे बोटांना कळतं. ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप एका पेशीच्या बाबतीत साधारण हेच करतो.

1986 मध्ये गर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांनी तो जगापुढे आणला. पेशी पाहायला त्याला भिंग लागत नाही. एका लवचीक पट्टीच्या टोकाला अतिसूक्ष्म सुई असते. ती पेशीवरून फिरते तशी पट्टी वाकते, आणि पट्टीवर पडलेला लेझर किरण किती सरकला यावरून उंचसखलपणाचा नकाशा तयार होतो. पेशी द्रवात जिवंत ठेवून हे करता येतं.

अडचण वेगळीच होती. पेशी जेलीसारखी मऊ. सुई जोरात टेकली तर ती दबते, फाटूही शकते. मऊपणा मोजायचा तर प्रत्येक बिंदूवर सुई हळूच दाबायची, उचलायची, पुढे न्यायची. यात इतका वेळ जाई की तोवर पेशी हललेली असे! अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे अरविंद रामन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये यावर एक उपाय मांडला. सुई सतत हलकी थरथरत ठेवायची आणि त्या थरथरीतले बारीक फरक एकाच वेळी वेगवेगळ्या वारंवारतांवर मोजायचे. मग जागोजागी थांबावं लागत नाही आणि पेशीवर दाबही कमी येतो. रक्तातल्या लाल पेशींवर त्यांनी हे करून दाखवलं.

लाल पेशी जेमतेम 7-8 मायक्रोमीटरची. त्याहून अरुंद केशवाहिनीतून तिला दुमडून जावं लागतं. मलेरियात आणि सिकलसेलमध्ये ती कडक होते, म्हणून अडकते. कॅन्सरमध्ये मात्र गंमत उलटी आहे: गाठ हाताला टणक लागते, पण तिच्यातल्या पसरणाऱ्या पेशी बहुधा निरोगी पेशींपेक्षा मऊ असतात.

मध्यंतरी एका मुलाने असाच व्हिडिओ दाखवून विचारलं, “डॉक्टर, आईची बायोप्सी थांबवून हे करू या का?” नाही. पेशीचा मऊपणा तापमानावर आणि मोजण्याच्या पद्धतीवरही बदलतो, आणि गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. पेशींची रचना कशी आहे, त्या आजूबाजूला घुसल्या आहेत का, हे बायोप्सीत दिसतं, आणि उपचार त्यावरच ठरतात. त्यांना मी त्याच आठवड्याची तारीख घ्यायला सांगितली.