पहिला घास, रुमाल टाकून

पहिल्यांदाच परदेशी : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण बॅगा भरल्या. आज उतरून जेवायचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घोटीहून निघालेलं आमचं पाच जणांचं बिऱ्हाड सिंगापूरला पोचलं, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजले होते आणि पोटात सहा. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार होती. बॅगा तिथंच टाकल्या आणि बाहेर पडलो. बरोबर दोन पोरं, बायको आणि माळकरी आई. त्यात आईचा चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूणही बंद. तिच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यामुळं ती निर्धास्त होती. काळजी होती ती मला.

रस्त्यावरचं खायचं म्हणून निघालो, तर रस्त्यावर एक गाडी दिसेना. त्यामागं गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर काम नसलेल्या हजारो माणसांनी सिंगापूरच्या रस्त्यांवर चुली मांडल्या. नळ नाही, गटार नाही, खरकटं तिथंच. १९६८-६९ मध्ये सरकारनं सुमारे १८ हजार विक्रेत्यांची नोंद केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना टप्प्याटप्प्यानं छपराखाली आणलं. प्रत्येकाला ओटा, नळ, सांडपाण्याची सोय आणि परवाना. हीच ‘हॉकर सेंटर’. आज अशी शंभराहून जास्त आहेत आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं या खाद्यसंस्कृतीला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. आपल्याकडं फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली आला. गाडीवाल्याला हाकलायचं की त्याला नळ द्यायचा, हा प्रश्न दोन्हीकडं एकच.

अशाच एका हॉकर सेंटरमध्ये शिरलो तर पन्नासेक गाळे, मधे टेबलं आणि बहुतेक टेबलांवर कागदी रुमालांची एकेक पुडी. माणूस मात्र नाही. धाकट्यानं एक पुडी उचललीच होती, तेवढ्यात आई ओरडली, ‘ठेव ती! कुणीतरी जागा धरलीय.’ तिनं बरोबर ओळखलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचा, तसं इथं पुडी ठेवून जागा धरतात. त्याला ‘चोप’ करणं म्हणतात. आधी जागा, मग रांग. खाऊन झालं की ताट आपणच उचलून मांडणीत ठेवायचं. २०२१ पासून हे बंधनकारक आहे. पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलं तर दंड. हलाल ताटांची मांडणी वेगळी असते, तेवढं बघून ठेवायचं.

आता पन्नास गाळ्यांतला कुठला निवडायचा? इथं वेगळं शहाणपण लागत नाही. घोटीच्या आठवडे बाजारात भजी कुठं घ्यायची, हे आपण पाटी वाचून ठरवत नाही. घाणा सतत चालू आहे का, माल निघतोय तसा उठतोय का, बायाबापड्या कुठं थांबल्यात, हे बघतो. तेच डोळे इथं वापरायचे. रांग म्हणजे नुसती चवीची पावती नव्हे. रांग असली की अन्न पडून राहत नाही.

पडून राहिलेलं अन्न का वाईट, हे आम्हा भाताच्या गावच्या लोकांना तरी माहीत हवं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजं असू शकतात आणि भात शिजला तरी ती मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात. त्यातले काही जंतू असं विष सोडतात, जे नंतर कढईत कितीही परतलं तरी टिकतं. काही तासांत उलट्या सुरू. दोष शिळेपणापेक्षा कोमटपणाचा. भात चटकन गार करून फ्रीजमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दिवशी फोडणी द्यायला हरकत नाही. म्हणून नियम सोपा: वाफाळतं घ्या, नाहीतर थंडगार घ्या, कोमट ढिगाऱ्यातलं नको. सिंगापुरात नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. सगळ्या देशांत तसं नसतं, तिथं बंद बाटली बरी.

पोरांना नूडल्स मिळाल्या. मी मात्र फसलो. हिरव्यागार पालेभाजीकडं बोट दाखवून ‘व्हेज?’ विचारलं, बाई ‘येस’ म्हणाल्या. पहिल्याच घासाला सुकटीचा वास. त्यांचंही चुकलं नव्हतं. भाजी भाजीच होती, मसाल्यात कोळंबीची आंबवलेली वडी वाटलेली होती. तिला ‘बलाचान’ म्हणतात आणि आपल्या मिठासारखी ती तिथं कुठंही असते. तेव्हा ‘व्हेज आहे का’ असं विचारू नका. मासा, कोळंबी, अंडं, चरबी यांची नावं घेऊन विचारा.

आईचा प्रश्न एका पाटीनं सोडवला. तिला लांबून स्वस्तिक दिसलं, उलट्या दिशेला वळलेलं. ते बौद्ध शाकाहारी गाळ्याचं चिन्ह. या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य. गाळेवाल्याला ‘नो ऑनियन, नो गार्लिक?’ विचारलं, तर तो हसून मान डोलवत राहिला. घरात जे समजावताना नाकी नऊ येतात, ते इथं त्यानं आधीच पाळलेलं होतं. आईनं भात आणि टोफूची भाजी घेतली, चव घेतली आणि पिशवीतली चटणी काढली.

शेवटी गोड. ‘पुतु पिरिंग’च्या गाळ्यावर बाई वाटीएवढ्या साच्यात तांदळाची ओलसर पिठी भुरभुरवत होत्या. मधे नारळाच्या झाडाच्या रसापासून केलेला काळपट गूळ, वर पुन्हा पिठी, मग फडक्यात झाकून वाफेवर. दोन-चार मिनिटांत मऊ पांढरी चकती केवड्याच्या जातीच्या पानावर उपडी झाली, शेजारी मीठ लावलेलं खोबरं. मोदकाला आपण आधी उकड काढतो, म्हणून पारी वळता येते. इथं पिठी कच्ची आणि सुटी. दाण्यादाण्यांमधून वाफ फिरते आणि साच्यातच शिजवते. दाबून भरली तर वाफ अडते आणि मधे पीठ कच्चं राहतं. आईनं चकती मोडली. वितळलेला गूळ बोटांवर आला. ती म्हणाली, ‘मोदकच की रे. सारणातलं खोबरं तेवढं बाहेर राह्यलंय यांचं.’ आणि दुसरी मागितली.

पहिल्या दिवशी एवढंच पुरे. रात्रभराचं जागरण झालेल्या पोटावर नव्या तेलाचा आणि तिखटाचा मारा नको. थोडं थोडं, वाटून खा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी पासपोर्ट, पैसे, फोन तपासत होतो. आई दारात उभी होती. तिनं विचारलं, ‘ती कागदी रुमालांची पुडी घेतली का?’

(पुढच्या आठवड्यात : मेट्रोचं तिकीट, आणि डब्यात पाण्याचा घोटसुद्धा का घ्यायचा नाही)