परदेशची विद्या आणि बाजारची पिशवी

घरांतील मुलगा उच्च शिक्षणासाठीं परदेशीं निघाला म्हणजे सर्व कुटुंबाची केवढी धांदल उडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आजी भाजणी करून ठेवतात, काकू मेतकुटाच्या पुड्या आणि लोणच्याच्या बरण्या बांधतात, वडील बँकेचे उंबरे झिजवितात, आणि निघण्याच्या आदल्या दिवशीं सर्व मंडळी अंबाबाईचें दर्शन घेऊन येतात. परीक्षा, शिष्यवृत्ति, व्हिसा, विमान यांची चौकशी दहा जण दहादां करतात. मात्र एक प्रश्न कोणी विचारीत नाहीं: "बाळ, तुला किलोभर तांदूळ पारखून आणतां येतील काय?"

आम्हींही तो विचारला नाहीं. आमचा नातू तीन वर्षांपूर्वीं यंत्रशास्त्र शिकावयास जर्मनींत गेला. दुसऱ्याच रविवारीं त्याचा दूरध्वनि आला. आवाज उतरलेला होता. खोलींतले तांदूळ संपले होते, आणि त्या देशांत रविवारीं बहुतेक सर्व दुकानें कायद्यानेंच बंद असतात. शनिवारीं सायंकाळपर्यंत सामान भरून ठेवावें, हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें. त्यानें तो दिवस आजीच्या चिवड्यावर काढला.

घरांतील मंडळी हंसली, आम्हीही हंसलों. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मन खाऊं लागलें. या मुलानें कोल्हापुरांत बावीस वर्षें काढलीं, परंतु कपिलतीर्थ मंडईंत भाजी आणावयास तो एकदांही एकटा गेला नव्हता. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून धारोष्ण दूध त्याचे काका आणीत, किराणा त्याचे वडील भरीत, विजेचें बिल आम्ही भरीत असूं. त्यानें कधीं पिशवी हातांत घेतलीच, तर आम्हींच म्हणत असूं, "ठेव ती, तूं आपला अभ्यास कर." एकत्र कुटुंबाची सावली मोठी खरी, पण सावलींत वाढलेल्या रोपाला ऊन्ह ठाऊक नसतें, आणि हा दोष रोपाचा नव्हे.

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. विद्यार्थ्याचीं पांच लक्षणें सांगणारें सुभाषित वर्गांत किती वेळां पाठ करून घेतलें असेल, याची गणती नाहीं. त्यांत अल्पाहार आणि गृहत्याग हीं दोन लक्षणें आहेत. परंतु गृहत्याग केल्यावर परक्या गांवीं तो अल्पाहार तरी कोठून मिळवावा, हें आम्हीं कधीं सांगितलें नाहीं. प्राचीन गुरूंनीं ही चूक केली नव्हती. छांदोग्य उपनिषदांतील सत्यकाम जाबाल विद्या मागावयास गेला, तेव्हां गुरूंनीं त्याचें उपनयन करून त्याच्या स्वाधीन चारशें कृश गाई केल्या. त्या हजार झाल्यावरच तो परतला. समिधा आणणें, गुरें राखणें, भिक्षा मागणें हीं कामें अध्ययनाच्या आड येत नसत. तीं अध्ययनांतच मोडत. पुढेंही गरीब विद्यार्थी पुण्यास किंवा कोल्हापुरास वार लावून जेवत. सात दिवस सात घरीं जेवणाऱ्या त्या मुलाला परक्या दाराशीं कसें उभें राहावें, काय मागावें आणि काय मागूं नये, हें आपोआप कळत असे.

या बाबतींत कोल्हापूरकरांनीं कधींही विसरूं नये अशी एक कथा आहे. टपाल खात्यांतील गोपाळराव जोशी नोकरीनिमित्त आमच्या या गांवीं होते, तेव्हां १८७८ मध्यें त्यांनीं आपल्या पत्नीच्या शिक्षणासाठीं साह्य मागणारें पत्र रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलें. वाइल्डर यांनीं पूर्वीं कोल्हापुरांत अनेक वर्षें काम केलें होतें. त्यांनीं तें पत्र आपल्या मासिकांत छापलें आणि उत्तरांत धर्मांतराचा उपदेश केला. गोष्ट तेथेंच संपावयाची. परंतु न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर १८८० मध्यें दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं लागलें. त्यांतून पत्रव्यवहार सुरू झाला. एप्रिल १८८३ मध्यें अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजावर चढल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानीत.

मावशीच्या घरीं उन्हाळा सुखाचा गेला. खरी कसोटी फिलाडेल्फियांत लागली. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्या शिकूं लागल्या. तीन वर्षांसाठीं सहाशें डॉलरांची शिष्यवृत्ति होती. अभ्यासास त्या कधींच भ्याल्या नाहींत. छळलें तें रोजच्या साध्या गोष्टींनीं. राहावयास मिळालेल्या खोलींतील शेगडी सदोष होती. ती पेटविली कीं खोली धुरानें भरून जाई, न पेटविली तर थंडीनें हातपाय गारठत. धूर कीं थंडी, एवढीच काय ती निवड. नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहत. बर्फाच्या प्रदेशांत तें चालेना. अखेर बऱ्याच विचारान्तीं त्यांनीं गुजराती पद्धतीनें पायघोळ साडी नेसण्यास आरंभ केला. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु पति सातासमुद्रांपलीकडे, पत्राच्या उत्तरास कित्येक आठवडे लागणार, आणि इकडे स्वदेशींचे लोक प्रत्येक बदलाकडे संशयानें पाहणार, अशा वेळीं अठरा वर्षांच्या मुलीनें असा निर्णय घेणें सोपें नव्हतें. शाकाहाराचा नेम त्यांनीं सोडला नाहीं, त्यामुळें अन्नाची आबाळ झाली ती निराळीच.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांस वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानानें येथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाचें प्रमुखपद आनंदीबाईंस दिलें. परंतु शरीर क्षयानें पोखरलें होतें. नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. क्षय जंतूंमुळें होतो, धुरामुळें नव्हे. त्या काळीं त्यावर औषधही नव्हतें. तथापि अपुरें अन्न आणि कडाक्याची थंडी यांनीं खंगलेलें शरीर रोगाशीं किती झुंजणार? त्या रुग्णालयाला आज आपण सीपीआर म्हणतों. त्याच्या दारावरून जातांना आमच्या मनांत येतें कीं येथील स्त्रियांना त्या काळीं मिळावयाचा हात मिळाला नाहीं, आणि त्याचीं कारणें शोधूं गेल्यास त्यांत एक धुरकट खोली आणि एक अर्धपोटीं ताटही सांपडतें.

दुसरें उदाहरण कोल्हापूरच्याच ऋणानुबंधाचें आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्यें अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास लंडनला गेले, तेव्हां छत्रपति शाहूमहाराजांचें साह्य त्यांच्या पाठीशीं होतें. तरीही हातीं पैसा मोजका. बिऱ्हाडीं मिळणारी सकाळची न्याहारी म्हणजे चहा आणि पावाचा तुकडा, अशी तुटपुंजी. दिवसभर ग्रंथालयांत वाचन. आणि रात्रीं भूक असह्य झाली कीं हिंदुस्थानांतून आलेले पापड भाजून त्यांबरोबर कपभर दूध. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील त्यांच्या वास्तव्याचें घर महाराष्ट्र शासनानें २०१५ मध्यें विकत घेतलें. तेथें जाणारांनीं पुस्तकांबरोबर त्या पापडांचेंही स्मरण करावें.

आजच्या विद्यार्थ्यास आनंदीबाईंच्या मानानें पुष्कळ सुखें आहेत. खोली उबदार असते, खिशांतल्या भ्रमणध्वनींत सर्व शहराचा नकाशा असतो, आजीचा चेहराही त्यांतच दिसतो. परंतु नकाशा दुकानाची वाट दाखवितो, दुकानांत काय बोलावें तें शिकवीत नाहीं. आमच्या नातवास जर्मनींत बिऱ्हाड केल्यावर दोन आठवड्यांच्या आंत सरकारी कचेरींत पत्त्याची नोंद करावी लागली. पाण्याची बाटली घेतली कीं पंचवीस सेंट अनामत द्यावी लागते आणि रिकामी बाटली दुकानांतील यंत्रांत घातल्यावर ती परत मिळते, हें त्यास ठाऊक नसल्यानें पहिल्या महिन्यांत त्यानें सर्व बाटल्या केरांत टाकल्या. तुर्की दुकानांत कोथिंबीर आणि हरभरे मिळतात, हा शोध त्यास तिसऱ्या महिन्यांत लागला. तो शेजारच्या एका वृद्ध बाईस मोडक्या जर्मन भाषेंत विचारून लागला. त्या रात्रीं त्यानें आम्हांस लिहिलें कीं पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झाल्याचा आनंद एवढा झाला नव्हता. त्याचें म्हणणें आम्हांस पटलें. परीक्षेंत त्याची विद्या पारखली गेली होती. त्या बाईंशीं बोलतांना तो त्या गांवचा झाला.

आतां पुढील वर्षीं आमची नात परदेशीं जावयाची आहे. या खेपेस आम्ही शहाणे झालों आहों. दर रविवारीं ती यादी आणि ठराविक पैसे घेऊन एकटी मंडईंत जाते व परत आल्यावर हिशेब लिहिते. बँकेचे अर्ज ती स्वतः भरते. आठवड्यांतून दोन वेळां सर्व घराचा स्वयंपाक करते. ताप आल्यास काय करावें आणि डॉक्टरास केव्हां गांठावें, हें तिनें लिहून घेतलें आहे. पहिल्या रविवारीं तिनें जून भेंडी आणली. तिच्या आजीनें ती कांहीं न बोलतां चिरली आणि आम्हीं मुकाट्यानें खाल्ली. घरांत फसलेली भाजी सर्वांना वांटून खातां येते. परगांवीं ती एकट्यास खावी लागते.

ज्या घरांतून मुलगा किंवा मुलगी परदेशीं निघाली असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे. भाजणी, मेतकूट, लोणचें अवश्य द्या. अंबाबाईचा अंगाराही द्या. पण निदान वर्षभर आधीं एक कापडी पिशवी त्यांच्या हातीं द्या, आणि तीं दारांतून बाहेर पडलीं म्हणजे मागून हांक मारूं नका.