थंडीतली कोकरं जगली, तर धंदा जगला

मेंढीपालनाचा हिशोब आपण मेंढ्या मोजून करतो, पण पैसा येतो जगलेल्या कोकरांतून. २० मेंढ्यांना २० कोकरं झाली आणि ५ दगावली, तर विक्रीतला चौथा हिस्सा गेला. चारा, औषध, राखण यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

मेंढी साधारण ५ महिने गाभण असते. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात फळलेल्या मेंढ्या जानेवारी-फेब्रुवारीत, जुन्नर-आंबेगावच्या थंडीत वितात. फळल्याची तारीख वहीत लिहा, म्हणजे तयारी वेळेवर होते.

व्यायच्या आधी: पोटातलं कोकरू शेवटच्या दीड महिन्यात झपाट्यानं वाढतं. तेव्हा चाऱ्यासोबत रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्या. महिनाभर आधी डॉक्टरांकडून आंत्रविषाराची लस टोचून घ्या. तिचं संरक्षण चिकातून कोकराला मिळतं.

व्यायल्यावर: कोकरू पुसून कोरडं करा, नाळेला आयोडीन लावा आणि तासाभरात चीक पाजा. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात पाव लिटर चीक पोटात गेलाच पाहिजे.

रात्री: आपल्याकडे उसात बिबट्या आहे. नुसती वाघूर लावून भागत नाही. कोकरं आणि त्यांच्या आया वरूनही जाळी असलेल्या बंद वाड्यात ठेवा. हल्ला झालाच, तर लगेच वन विभागाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. भरपाई त्यावरच ठरते.

भांडवल थोडं असेल, तर दोन मेंढ्या कमी घ्या, पण वाडा आधी पक्का करा.