भातातील प्रथिने आणि पेशीतील जालिका

भंडारा हा धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत भात हेच दोन्ही वेळचे मुख्य अन्न होय. चरकाचार्यांनी शूकधान्यांत रक्तशालीस पथ्यकर म्हणून अग्रस्थान दिले असल्याने आपणही रुग्णास भात निःशंकपणे सांगतो. मात्र भातात प्रथिने नसतातच, अशी एक समजूत त्यासोबत रूढ झालेली दिसते. वृक्कविकाराच्या रुग्णास ती महागात पडू शकते. म्हणून दाण्यात प्रथिने कशी घडतात, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

वनस्पती व प्राणी यांच्या पेशींत केंद्रकाच्या आवरणापासून निघून पेशीद्रव्यात पसरलेले पातळ पटलांचे जाळे असते. त्यास आंतर्द्रव्यजालिका अथवा एंडोप्लाझमिक रेटिक्युलम म्हणतात. १९४५ साली पोर्टर, क्लोद व फुलम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तिचे प्रथम वर्णन केले. या जालिकेच्या खडबडीत भागावर रायबोझोम नावाचे सूक्ष्म कण चिकटलेले असतात व त्यांवर प्रथिने तयार होतात. तयार होणारी साखळी जालिकेच्या पोकळीत शिरते, तेथे तिला योग्य घडी पडते आणि मग ती आपल्या मुक्कामी रवाना होते. हा मुक्काम सांगणारा संकेत प्रथिनातच असतो, या शोधाबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

धानाचा दाणा भरत असताना हेच कार्य मोठ्या प्रमाणावर चालते. तांदळातील प्रमुख साठवणीचे प्रथिन ग्लुटेलिन हे जालिकेवर तयार होऊन गॉल्जी पिंडामार्गे रिक्तिकेत साठते. दुसरे प्रथिन प्रोलामिन. ते जालिकेबाहेर पडतच नाही. तिच्याच पोकळीत त्याच्या घट्ट गोळ्या बनतात. ग्लुटेलिन सहज पचते, तर शिजवलेल्या भातातील प्रोलामिनच्या गोळ्या पचनास दाद देत नाहीत. या भेदाचा लाभ घेऊन जपानमध्ये ‘एलजीसी-१’ हा ग्लुटेलिन कमी व प्रोलामिन अधिक असलेला वाण वृक्करुग्णांसाठी उपयोगात आणला गेला.

आपल्याकडील तांदळात मात्र ग्लुटेलिनच अधिक असते. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने धरली, तर दिवसाकाठी ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या शेतमजुराच्या पोटात केवळ भातातून २८ ग्रॅम प्रथिने जातात. डायलिसिसवर नसलेल्या वृक्करुग्णास दर किलो वजनामागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिने सांगितली जातात. म्हणजे ५० किलो वजनाच्या रुग्णाची मर्यादा ३० ते ४० ग्रॅम. डाळ बंद करून भात मनसोक्त खाण्याची मुभा दिली, तर ही मर्यादा भातानेच जवळजवळ गाठली जाते. शिवाय भातात लायसिन कमी असल्याने शरीराचे पोषण अपुरेच राहते.

मांड काढून टाकल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. ग्लुटेलिन व प्रोलामिन ही दोन्ही प्रथिने पाण्यात विरघळणारी नाहीत.

तेव्हा वृक्करुग्णास पथ्य सांगताना व्यवसायबंधूंनी ‘भात खा’ एवढ्यावर न थांबता घरी रोज किती तांदूळ शिजतो व त्यातील किती रुग्णाच्या ताटात येतो, हे अवश्य विचारावे. तांदळाचे व डाळीचे माप वृक्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवून द्यावे. डायलिसिसवरील रुग्णाची प्रथिनांची गरज अधिक असते, हेही ध्यानात ठेवावे. मात्रेचे महत्त्व आपल्या शास्त्राला नवे नाही. ते भातालाही लागू आहे, एवढेच आमचे सांगणे.