टॅरोच्या पत्त्यांची बाग

टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य खरंच कळतं का, असं तुमच्यापैकी काहीजणींनी विचारलं होतं. आम्हाला एवढंच भविष्य ठाऊक आहे, हप्ता वेळेवर भरला तर कर्ज फिटतं! टॅरो हा मुळात इटलीतला पत्त्यांचा खेळ, पंधराव्या शतकातला. पत्ते ७८. भविष्य बघण्याची चाल पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुळली.

त्यातल्या २२ मुख्य चित्रांवरून एका बाईने अख्खी बाग उभी केली. तिचं नाव निकी द सँ फाल, जन्म १९३० चा, फ्रान्समधला. इटलीत टस्कनी भागात, कापाल्बिओ गावाजवळ ही बाग आहे. काम सुरू झालं १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि लोकांसाठी फाटक उघडलं १९९८ साली. लोखंडी सळ्या जोडून सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट आणि वरून आरसे, रंगीत काच, चिनीमातीचे तुकडे. सळ्यांच्या जोडकामात नवरा जाँ टँगली होता, तोही शिल्पकार. आरसे बसवायला गावातला पोस्टमन! 'सम्राज्ञी' या पत्त्याची मूर्ती तर एवढी मोठी की निकी कित्येक वर्षं तिच्या पोटात राहिली. एका स्तनात झोपायची खोली, दुसऱ्यात स्वयंपाकघर. हसू नका, खरं आहे.

पैसा कुठून आला? १९८२ साली तिने स्वतःच्या नावाचं अत्तर बाजारात आणलं आणि ती कमाई बागेत घातली. आम्हाला हे फार पटलं. पैसा दुसऱ्याचा असला की सम्राज्ञीचं नाक कसं हवं, हेही तोच सांगायला लागतो.

पण एक गोष्ट मनाला लागली. बागेच्या आधी ती बायकांचे मोठमोठे पुतळे करायची, पॉलिएस्टरचे. त्या वाफांनी तिची फुप्फुसं कायमची बिघडली. पुढे संधिवाताने हातही धरले. २००२ साली ती गेली.

आपल्यातही बऱ्याचजणी आता रेझिनच्या किचेन आणि फ्रेम करतात. ते रसायन आणि हे एकच नाही, पण दार लावून, मूल मांडीवर घेऊन रेझिन ओतताना आम्ही बघितलंय. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, मुलांना बाहेर पाठवा. आणि पुढच्या बैठकीला येताना आपापला डबा घेऊन या, त्यावरच्या बारीक अक्षरातल्या सूचना आपण मिळून वाचू.