खिळे, ओव्या आणि अपुरी पानं

पुस्तक वाचणाऱ्याला त्यातला मजकूर दिसतो. छापखान्यात वावरलेल्याला मात्र मागची भानगडही ठाऊक असते: प्रूफ कुणाकडे अडलं, मजकूर कुणाचा लांबला, आणि छापलेलं पुस्तक बघायला कोण उरलंच नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यातल्या दोन थोरल्या ग्रंथांमागे अशाच गोष्टी आहेत.

पहिली केडगावची. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली-बायका आणल्या आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. पुढे तिथे छापखाना आला आणि या बायका कंपोझ करू लागल्या. केसच्या खणातून शिशाचा खिळा उचलायचा, त्यावरचं उलटं अक्षर ओळखायचं, स्टिकमध्ये बसवायचं. त्यात मराठी म्हणजे काने, मात्रा, जोडाक्षरं, सगळ्यांचे खण वेगळे. ओळ भरली की दुसरी घ्यायची. छापून झालं की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात सोडायचे. रमाबाईंचं बायबल या हातांखालून उतरलं.

मराठी बायबल तेव्हाही होतंच, पण त्याची संस्कृतवळणाची भाषा खेड्यातल्या बाईला समजत नाही, ही रमाबाईंची तक्रार. म्हणून सरस्वती म्हणून गाजलेली ही संस्कृत पंडिता हिब्रू-ग्रीक शिकली आणि अख्खा ग्रंथ सोप्या मराठीत आणायला बसली. मरणाशी तिची ओळख जुनी होती. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, मग भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२मध्ये नवरा. उरली एकुलती एक मनोरमा. मुक्तीचा कारभार तिच्याच हाती जायचा होता. जुलै १९२१मध्ये मिरजेला तीही गेली. तिने नुकतीच चाळिशी गाठली होती.

रमाबाईंना ऐकू कमी येत होतं, शरीर थकलं होतं, आणि प्रूफं अजून संपायची होती. यापुढचा किस्सा भाविक मंडळी आवडीने सांगतात. बाईंनी देवाकडे कामापुरते दहा दिवस मागून घेतले, शेवटचं प्रूफ हातावेगळं केलं आणि झोपेतच डोळे मिटले. तारीख होती ५ एप्रिल १९२२. दिवसांचा हिशेब मला जरा जास्तच चोख वाटतो. पण किस्सा सांगणाऱ्यांच्या लक्षात काय राहिलं ते बघा. बाईंनी गेलेली लेक परत मागितली नाही, लांबलचक आयुष्यही नाही. मागितली ती हातातलं काम उरकण्यापुरती सवड. शिवाय प्रूफ वाचून झालं म्हणजे पुस्तक झालं, असं कुठलाच छापखानेवाला म्हणणार नाही. बायबल बाहेर पडलं १९२४ साली. मधलं सारं मागे राहिलेल्यांनी निभावलं.

दुसरी गोष्ट रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. येशूचं चरित्र ओवीत गायचं म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभलं. दहाएक अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. जाण्यापूर्वी त्यांनी सांगून ठेवलं होतं की देहाचं दहन करा आणि रक्षा नगरला न्या. ख्रिस्ती समाजात तेव्हा रीत दफनाची. पुनरुत्थानाच्या दिवशी उठायचं तर देह मातीत हवा, असं भल्याभल्यांना वाटायचं. उठवणारा राखेतूनही उठवील, एवढा भरवसा असल्याशिवाय कुणी असं सांगून ठेवत नाही.

अपुरं काव्य पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरांशी कधीच न जमलेल्या बाईने तब्बल ६४ अध्याय रचले. त्यांनाही शेवट गाठता आला नाही. फेब्रुवारी १९३६मध्ये त्या गेल्या. शेवटचा, शहात्तरावा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला. एका येशूचरित्राला घरातली तीन माणसं लागली.

‘ख्रिस्ती माणसाने मरणाला हसत सामोरं जावं’ असं अंत्यविधीच्या वेळी बोललं जातं, तेव्हा मला ही माणसं आठवतात. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचलेल्यांना माहीत आहे, त्या हसवतातही आणि रडतातही. त्यांच्या धर्मात रडायला मनाई नाही. लाजराला थोड्याच वेळात कबरेतून उठवणार, हे ठाऊक असूनही येशू आधी रडला, असं योहान लिहितो. पौलही थेस्सलनीकाकरांना शोक करू नका म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, इतकंच सांगतो.

मग आशा असलेल्याचा शोक ओळखायचा कसा? या दोन ग्रंथांपुरतं बोलायचं तर, तो काम थांबवत नाही. आपल्याबरोबर सगळं संपणार, असं ज्याला वाटतं तो आयुष्यात मावेल एवढंच काम हाती घेतो. टिळकांनी तसा विचार केला असता, तर एखादं आटोपशीर खंडकाव्य लिहून ते मोकळे झाले असते.